बोटं जातात ती गार्ड नसलेल्या प्रेसवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली, म्हणून दरवर्षी ४ ते १० मार्च हा सुरक्षा सप्ताह पाळला जातो. भोसरी, चाकण, तळवड्याच्या मोठ्या कारखान्यांच्या गेटवर झेंडे लागतात, शपथ होते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. हे व्हावंच. पण मोठ्या गेटपासून दोन गल्ल्या आत, पत्र्याच्या शेडमध्ये, पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या पॉवर प्रेसवर पोरांची बोटं जातात, त्याबद्दल या आठवड्यातही कोणी बोलत नाही. नोकरीचं सगळं आयुष्य टूलरूम आणि प्रेस शॉपमध्ये गेल्यामुळे हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

डोंबिवलीत २०१६ च्या मे महिन्यात प्रोबेसमध्ये आणि २०२४ च्या मे महिन्यात अमुदानमध्ये स्फोट झाले, तेव्हा सगळं राज्य हादरलं. मंत्री आले, चौकशा लागल्या. प्रेसवरचा अपघात असा गाजत नाही. एका वेळी एकच माणूस, एक किंवा दोन बोटं. अर्ध्या तासात डाय (प्रेसमधला साचा) पुसून पुढची शिफ्ट चालू होते.

हा अपघात होतो कसा, ते वाचकांना कळायला हवं. छोट्या शेडमधले बरेच प्रेस जुन्या की-क्लचचे असतात, म्हणजे मोटरची गती प्रेसला जोडणारा क्लच एका खिळीनं (कीनं) अडकतो. ऑपरेटर हातानं पत्रा डायमध्ये ठेवतो, पायानं पेडल दाबतो, स्ट्रोक पडतो, हातानं पीस काढतो. बारा तासांच्या पाळीत हेच हजारो वेळा. थकलेल्या माणसाचा हात आणि पाय यांचा मेळ एकदा चुकला की संपलं. आणि कित्येकदा त्याचं काहीच चुकलेलं नसतं. क्लचची की झिजलेली असते, स्प्रिंग मेलेली असते, आणि पेडलवर पाय नसतानाही प्रेस दुसरा स्ट्रोक मारतो. पीस काढायला गेलेला हात तेव्हा डायमध्येच असतो.

अपघातानंतर मालक घाईनं, हात आत दिसला की प्रेस थांबवणारा लाइटचा सेन्सर आणून लावतो आणि फोटो काढून ठेवतो. की-क्लचच्या प्रेसवर त्याचा उपयोग होत नाही. हा क्लच एकदा लागला की क्रँकचा पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही, स्लाइड (प्रेसचा खाली येऊन दाबणारा भाग) मध्येच थांबत नाही. सेन्सरला हात दिसला तरी प्रेस खाली येणारच. अशा प्रेसला बोट आत जाणारच नाही असा पक्का गार्ड, म्हणजे डायभोवतीचं कुंपण, हवा, नाहीतर स्ट्रोक मध्येच थांबवू शकणारा, हवेच्या दाबावरचा न्यूमॅटिक क्लच-ब्रेक बसवून मग सेन्सर आणि दोन हातांची बटणं लावायला हवीत. यात काही नवं नाही, प्रेस बनवणाऱ्यांना आणि दुरुस्त करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. अडतं ते पैशावर. गार्ड लावला की तासाला निघणारे पीस कमी होतात, म्हणून आहे तो गार्डही काढून कोपऱ्यात ठेवला जातो.

तरी अहवालात कारण लिहिलं जातं ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. मला याचा राग येतो. यंत्राचे धोकादायक भाग झाकलेले असलेच पाहिजेत, असं कारखाना कायद्याच्या कलम २१ नं १९४८ सालीच सांगितलं, आणि ती जबाबदारी कारखानदारावर टाकली. गावाकडून महिन्यापूर्वी आलेला, ठेकेदाराच्या हजेरीवरचा हेल्पर सावध नव्हता म्हणून ती टळत नाही.

क्लच ‘डबल’ मारतोय हे त्या पोराला सकाळीच कळलेलं असतं. तो सेटरला (प्रेसवर डाय बसवून देणाऱ्याला) सांगतो, सेटर म्हणतो, ‘आज गाडी भरायचीय, जपून चालव.’ बोट वाचलं तर त्या घटनेची नोंद कुठंच होत नाही. पुन्हा बोलला तर उद्यापासून येऊ नको असं ऐकावं लागेल, हे तो जाणून असतो. सुरक्षा संस्कृती मी एकाच गोष्टीवरून ओळखतो: सगळ्यात खालच्या हेल्परनं प्रेस बंद करायला लावला, तरी दुसऱ्या दिवशी त्याची हजेरी लागली पाहिजे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगारांना मिळाला, पण तो धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांपुरता. प्रेस शॉप त्या यादीत नव्हतं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं तो हक्क सगळ्या आस्थापनांतल्या कामगारांसाठी लिहिला. शेडमधल्या किती जणांना तो कोणी वाचून दाखवला?

भरपाईच्या सरकारी तक्त्यात अख्खी तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटते, अंगठा गेला तर ३० टक्के. तेवीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब खरा ठरत नाही. तुटलेलं बोट पाहून पुढचा कारखाना त्याला गेटवरूनच परत पाठवतो. त्याचं ईएसआयचं (राज्य कामगार विम्याचं) कार्ड अपघाताआधी निघालेलं असेल, तर त्यातल्या त्यात त्याचं नशीब.

यावर उपाय आहे आणि तो मोठ्या वाहन कंपन्यांच्या हातात आहे, कारण हे पीस शेवटी त्यांच्याच गाड्यांत बसतात. पीसला जरा बर (कडेला राहिलेली धातूची कुसळ) राहिली तर त्या अख्खा लॉट परत पाठवतात. पुरवठादाराची गेज (मोजायची साधनं), त्याच्या मोजमापांच्या नोंदी तपासायला त्यांची माणसं शेडमध्ये येतात. त्याच माणसांनी प्रेसचा क्लच आणि गार्ड बघावा. पुरवठादाराचा पुरवठादार कोण, आपला कंस (ब्रॅकेट) नेमका कुठल्या शेडमध्ये दाबला जातो, याची यादी कंपनीकडे असावी आणि गार्ड नसलेल्या प्रेसवरचा माल घेऊ नये. मात्र गार्डमुळे वाढणारा खर्च दरात धरायला हवा. दर दाबून सुरक्षा मागितली तर गार्ड फक्त ऑडिटच्या दिवशी दिसेल. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयानंही प्रेसवरच्या अपघातांची तालुकावार माहिती दर तिमाहीला जाहीर करावी. त्यात प्रेसचा प्रकार आणि गार्डची स्थिती नोंदलेली असावी.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. असा अपघात कानावर आला तर ‘निष्काळजीपणामुळे’ असं लिहिण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रेसवर गार्ड होता का, क्लच कोणता होता, आणि तो पीस कुठल्या कंपनीच्या गाडीत बसणार होता.

आपला,
प्रेस शॉपमधील एक निवृत्त सुपरवायझर,
भोसरी, पुणे