गणेशोत्सवात क्लबहाऊसचा मेन स्विच रात्री चालू ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापन समिती, नाशिक

स.न.वि.वि.

मागच्या वर्षी दुसऱ्या दिवशीच्या आरतीला स्टेजवरचे आठही एलईडी पार (रंगीत झोताचे दिवे) पेटलेच नाहीत. शेवटी पार्किंगमधला हॅलोजन ओढून आणला आणि बाप्पांच्या थेट डोळ्यांवर मारला. त्याचं खापर दिव्यांवर फुटलं, पण दिवे ठणठणीत होते. त्यांना चालवणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक त्या संध्याकाळी सुरूच झाला नाही, कारण आदल्या रात्री ११ वाजता मेन स्विच बंद केला गेला आणि त्याच्या मेमरी कार्डावरच्या फाइली खराब झाल्या. वॉचमनकाकांची यात काही चूक नाही, विजेची बचत करा ही सूचना समितीचीच.

या वर्षी सगळं नव्याने बसवलं. दिव्यांना डीएमएक्स (स्टेजचे दिवे चालवायचा) सिग्नल देणारा यूएसबी अडॅप्टर लावला, तर संगणकातल्या लिनक्स प्रणालीने तो ओळखला आणि दिवे मात्र ढिम्म. दोन रविवार त्यात गेले. अडॅप्टरमधली एफटीडीआय कंपनीची चिप लिनक्सचा ड्रायव्हर साधा सिरियल पोर्ट समजून स्वतःच धरून बसतो, मग दिव्यांच्या ओएलए या सॉफ्टवेअरला ती मिळत नाही. तो ड्रायव्हर काढला, ओएलएमधले त्याच चिपवर हक्क सांगणारे दोन प्लगइन बंद केले, यूएसबी वापरायची परवानगी दिली, तेव्हा कुठे बाल्कनीत टांगलेला पार लाल झाला. (सौ.ने खाली येऊन "आता तरी जेवा" म्हटलं.)

लांबचे दोन दिवे तरीही लुकलुकत होते. डीएमएक्स म्हणजे आमच्या सातपूरच्या कारखान्यात मीटरला असते तीच आरएस-४८५ ही सिग्नलची लाइन, त्यामुळे उपाय माहीत होता. शेवटच्या दिव्याच्या प्लगमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर टाकला, लुकलुक थांबली. सिग्नलसाठी लावलेली माइकची केबलही बदलली, नव्या केबलचा खर्च माझा.

कार्ड रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही असं) करता येतं, मग वीज गेली तरी बिघडत नाही. पण मुलांचे कार्यक्रम रोज वेगळे, रोज नवे रंग सेव्ह करावे लागतात, त्यामुळे ते जमणार नाही.

म्हणून विनंती एवढीच, की त्या दहा दिवसांत क्लबहाऊसचा मेन बंद करू नये. पंखे, ट्यूब खुशाल बंद करा. हा छोटा संगणक साधारण ५ वॅट खातो, म्हणजे दहा दिवसांत सव्वा युनिटच्या आसपास. तेही जड वाटत असेल तर पंपरूममधून एक वेगळा पॉइंट द्यावा, वायर मी ओढून घेईन.

स्विचवर चिकटवायची चिठ्ठी सोबत जोडली आहे. तिच्यावर आपली सही झाली की लावतो.

आपला,
सभासद, ब विंग