परसबागेतील टोमॅटो आणि करपा

महोदय,

परसबागेत पिवळे, घोसाने लागणारे छोटे टोमॅटो लावण्याची हौस अलीकडे कोकणातही वाढली आहे. ‘करपा-प्रतिकारक’ (करपा म्हणजे पाने करपवणारा रोग) असे छापलेले बियाण्याचे पाकीट घेताना मात्र तो कोणता करपा, हे विचारले पाहिजे. जर्मनीत गॉटिंगेन विद्यापीठात २००३ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून उघड्यावर तग धरणारे जे वाण निघाले, त्यांत ‘क्लू’ हा पिवळा वाणही आहे. पण तेथील मुख्य शत्रू म्हणजे थंड, ओल्या हवेत फोफावणारा उशिरा येणारा करपा. आपल्या उष्ण, दमट किनाऱ्यावर पानांवर चक्राकार वलयांचे तपकिरी ठिपके पाडणारा लवकर येणारा करपा अधिक दिसतो आणि आम्लधर्मी जांभ्या जमिनीत त्याहून घातक ठरतो तो जिवाणूजन्य मर रोग. हिरवेगार झाड एकाएकी माना टाकते. खोड तिरपे कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरले की कापातून दुधाळ धागा उतरताना दिसतो.

बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा टोमॅटोचा वाण लवकर येणारा करपा, जिवाणूजन्य मर आणि पाने आकसवणारा पर्णगुच्छ या तिन्ही रोगांना दाद देत नाही. मात्र त्याची फळे लाल आणि मोठी. पिवळ्यांचाच आग्रह असल्यास मर-प्रतिकारक वांग्याच्या खुंटावर (मुळांसकट खालच्या खोडावर) त्यांचे कलम करावे. आंब्याच्या कलमांत मुरलेल्या आपल्या रोपवाटिकांना हे काही अवघड नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने अशी कलमे पावसाळा सरताच विक्रीस ठेवावीत, ही विनंती.

– एक वाचक, गुहागर