तंबूत फराळाचा डबा नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत टांझानियाला नेणाऱ्या सहलींच्या जाहिराती आता मराठी वृत्तपत्रांत नेहमी दिसतात आणि त्यांत ‘जंगलात तंबूत मुक्काम’ हे मोठे आकर्षण म्हणून छापलेले असते. गेल्या दिवाळीत मी असा मुक्काम केला आणि तो पुन्हा करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. मात्र निघण्यापूर्वी जे सांगायला हवे होते ते आमच्या सहल कंपनीने सांगितले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात सेरोनेरा भागातील ज्या सार्वजनिक तळावर आम्ही राहिलो, त्याला कुंपण नाही. स्वयंपाक आणि जेवण मात्र जाळीने बंद केलेल्या जागेत होते. ही जाळी अन्नापर्यंत जनावर पोहोचू नये म्हणून आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. जवळजवळ प्रत्येकाने घरून फराळ आणला होता आणि आगगाडीच्या प्रवासात ठेवतो तसा तो उशाशी ठेवला होता.

रात्री दोनच्या सुमारास शेजारच्या तंबूचे कापड बाहेरून आत दाबले गेले आणि हुंगण्याचा जड आवाज माझ्या तंबूपर्यंत आला. त्या तंबूत सत्तरीच्या एक बाई एकट्या होत्या आणि त्यांच्या डोक्याशी बेसनाच्या लाडवांचा डबा होता. त्यांनी हाक मारल्यावर चालकाने गाडी सुरू करून दिवे लावले, तेव्हा ते जनावर निघून गेले. सकाळी ओल्या मातीत चार बोटांचे ठसे होते आणि प्रत्येक बोटापुढे नखाची खूण होती. सिंहाच्या ठशात एरवी नखे उमटत नाहीत. स्वयंपाकी एवढेच म्हणाला, ‘फिसी’. स्वाहिलीत तरसाला हा शब्द आहे. बाहेर राहिलेला एक चामडी बूट अर्धा चावलेला सापडला.

चेन नीट लावलेल्या तंबूत माणूस शांत झोपला असेल, तर तरस किंवा सिंह सहसा त्या तंबूच्या वाटेला जात नाहीत. अन्नाचा वास आला की हा भरवसा राहत नाही. झिंबाब्वेतील माना पूल्स राष्ट्रीय उद्यानात तर संत्र्या-लिंबांच्या जातीची फळे आत नेण्यासच बंदी आहे, कारण त्यांच्या वासावर हत्ती तंबूपर्यंत आणि गाड्यांपर्यंत येतात. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले जनावर धीट होते आणि पुढे धोकादायक ठरवून त्याला गोळी घालण्याची वेळ येऊ शकते. आपल्या लाडवांपायी त्या जनावराचा जीव जावा, हे मला सहन होत नाही.

परतल्यावर गटातील काहींनी कंपनीकडे तळाला कुंपण हवे अशी मागणी केली. ती मला पटत नाही. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट (हरणांसारखे मोठे शिंगवाले प्राणी) आणि त्यांच्या सोबतीने लाखो झेब्रे सेरेंगेटी ते शेजारच्या केनियातील मसाई मारा अशी वर्षभराची फेरी करतात, ती वाट मोकळी आहे म्हणूनच. तिथे पाहुणे आपण आहोत.

ज्येष्ठांच्या दृष्टीने खरी अडचण रात्री लघवीला जाण्याची आहे. मधुमेह असलेल्यांना ती टाळता येत नाही. चेन थोडी उघडून टॉर्चचा झोत सगळीकडे सावकाश फिरवावा, चमकणारे डोळे दिसले तर बाहेर पडू नये, आणि एकट्याने न जाता वाटाड्याला हाक मारावी. आम्हाला हे पहिल्या रात्री जेवताना घाईघाईने इंग्रजीत सांगितले गेले आणि ज्या बाईंना त्याची सर्वांत जास्त गरज होती, त्यांनाच ते कळले नाही.

सहलीपूर्वी होणाऱ्या बैठकीत व्हिसा, लसी आणि कपडे यांवर दोन तास बोलले जाते. त्यातला अर्धा तास तंबूतल्या नियमांसाठी, तोही मराठीत, राखून ठेवावा आणि अन्न, साबण, टूथपेस्ट असे वास असलेले सर्व सामान रात्री बंद गाडीत ठेवण्यासाठी प्रत्येकाला झाकणाचा एक पक्का डबा द्यावा, अशी सर्व सहल कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदाच्या दिवाळीचे गट निघण्याआधी एवढे होऊ शकते.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे