सर, तुम्ही कूलर बंद केलात

आदरणीय सर,

तुमच्याकडून आले त्याला आठवडा झाला, तरी हे लिहिताना डोळे भरून येतात.

नवतप्याची दुपार होती. बाहेर ४५ अंश. मी मुळात हळू बोलते, आणि गेल्या दीड वर्षात आवाज आणखीच खाली गेला होता. खिडकीतला कूलर घरघरत होता. दोनदा तुम्ही "काय म्हणालीस?" विचारलंत, मग उठलात आणि बटण बंद केलंत. "आता बोल, बेटा." पुढचे दोन तास रुमालाने मान पुसत ऐकत बसलात. नवतप्यात कोणासाठी कूलर बंद करणं म्हणजे काय, ते नागपूरकराला सांगायला नको.

पेशी आपला आकार कसा राखते याचं गणित मी मांडत होते, पण माझ्या गणितातली पेशी फुगतच जायची. ज्यांचं मला शिकवण्याचं कामच होतं, त्यांनी वही न उघडता सांगितलं, "तुला झेपणार नाही, विषय बदल." एकाने मोबाइलवरून मानसुद्धा वर केली नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही म्हणालात, "मी शरीरक्रियाशास्त्र शिकवलंय, तुझी समीकरणं मला कळतीलच असं नाही. पण पहिल्यापासून सांग." मी सांगत गेले. पेशीच्या आवरणातला पंप दर फेरीला सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो, पोटॅशियमचे २ आत घेतो, गळतीतून ते उलटे वाहतात, त्यांच्यामागे पाणी. टॉस्टेसन आणि हॉफमन यांनी १९६० मध्ये मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींसाठी मांडलेला पंप आणि गळतीचा हिशोब. पेशीत अडकलेल्या प्रथिनांच्या ओळीवर तुमचं बोट थांबलं.

"वरणात पाणी ओतलं तर मीठ वाढतं का गं?"

मी प्रथिनांची संहती, म्हणजे पाण्यातलं त्यांचं प्रमाण, कायम धरली होती. कायम राहतो तो त्यांचा एकूण साठा. पेशी फुगली की संहती उतरायलाच हवी. माझ्याकडे ती उतरतच नव्हती, म्हणून पाणी आत येणं थांबत नव्हतं.

एका ओळीची चूक. ऐकून घेतलं असतं तर कोणालाही दिसली असती, सर. हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली; समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देणारी फार थोडी.

आता पेशी आपल्या आकाराला येऊन थांबते. पंप बंद केला की फुगायला लागते, तुम्ही म्हणाला होतात तशीच, सावकाश. आलेख छापून ठेवलाय. रविवारी घेऊन येते.

तुमच्या वर्गात कधीच न बसलेली,
तुमची विद्यार्थिनी