तारपा दुरुस्त करणाऱ्या मामांना

मामा, जोहार.

तुम्ही मोबाईल फक्त बोलायला वापरता हे माहीत आहे, पण नातू वाचून दाखवेल म्हणून इथंच लिहितोय, आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांनीही वाचावं म्हणून.

माझ्या बापाचा तारपा, आपलं भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, फुटला तो माझ्याच गाढवपणानं. हरसूलकडून नाशिकला येताना काळीपिवळीच्या टपावर बांधला, वर कोणीतरी नागलीचं पोतं टाकलं, आणि सातपूरला उतरवून बघतो तर भोपळ्याला हात जाईल एवढं भोक. बाप जाऊन पाच महिने झाले होते. घरात कोणाला सांगितलंच नाही, चादरीत गुंडाळून कॉटखाली सरकवला.

मग वणवण सुरू. शहरातलं एक मोठं वाद्यांचं दुकान, नाव घेत नाही. मालकाच्या डोक्यामागं भिंतीवर वारली पेंटिंग, मस्त फ्रेम करून, मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात धरून फेर धरलेली पोरंपोरी. आणि तोच मला विचारतो, हे कुठलं शोपीस आहे? म्हटलं साहेब, जरा मागं बघा. बघितलं त्यानं, आणि म्हणाला, अच्छा, म्हणजे हे खरंच वाजतं का?

आपले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 ला पद्मश्री मिळाली, आपली चित्रं कुर्त्यावर आली, चहाच्या कपावर आली, हॉटेलांच्या भिंतीवर आली, चांगलंच झालं, मला अभिमानच आहे. पण त्या चित्रातला माणूस हातात काय धरून उभा आहे हे ज्याच्या घरात चित्र आहे त्यालाच माहीत नाही, आता काय बोलणार.

दुसऱ्यानं छाती ठोकून ठेवून घेतला आणि भोकावर एम-सील थापलं, नळ्यांच्या बुडालाही थापलं. दगड झाला नुसता. फुंकलं की फुसफुस. तिसरे एक प्रदर्शनवाले साहेब, ते तर म्हणाले दुरुस्त कशाला करता, पॉलिश मारून लॉबीत टांगू, चांगले पैसे येतील. तिथून मी उत्तर न देताच उठलो.

मग कंपनीतल्या पेठच्या पोरानं तुमचं सांगितलं. सावळघाट उतरून तुमच्या दारात आलो तेव्हा ओळख ना पाळख, तुम्ही तारपा मांडीवर घेतला, त्या एम-सीलवर नख मारलं आणि एवढंच विचारलं, ह्याला मेण काय झालं होतं? तेव्हा कुठं मला कळलं की आपल्याकडं मेण का लावतात. हाताच्या उबेनं मऊ होतं, नळी जरा फिरवली, आतली जिभली जरा सरकवली की सूर लागतो, परत दाबलं की हवा बंद. पुढच्या वर्षी परत उघडता येतं. बाप हे रोज करायचा आणि मी शेजारी बसून मोबाईल बघायचो.

भोपळा बदलावाच लागला. तुम्ही चुलीवर धुरात टांगलेला काढून दिलात, तो स्वतःसाठी राखला होता हे मला मामींकडून कळलं, तुम्ही बोलला नाहीत. पण मामा, मला आठवतं ते वेगळंच. सगळं जुनं मेण खरवडत खरवडत तुम्ही ताडपानांच्या कर्ण्याच्या जोडापाशी आलात आणि थांबलात. दाराच्या उजेडात धरून बघितलं. मेणात अंगठा उमटलेला, रेघन्‌रेघ दिसत होती. हा तुझ्या बापाचा, म्हणालात. मग धोतराच्या फडक्याची पट्टी फाडली, पाण्यात भिजवून त्या जागेवर गुंडाळली, म्हणजे बाजूचं मेण तापवताना तो ठसा वितळू नये. काम चाललं तेवढ्यात तीन वेळा ती पट्टी परत ओली केलीत. मी मोजत होतो, दुसरं काही सुचतच नव्हतं.

माझा बाप आयुष्यभर अंगठाच देत आला, माझ्या शाळेत, रेशनला, वनहक्काच्या कागदावर, आणि समोरचा माणूस शाई पुसायला चिंधीसुद्धा द्यायचा नाही, बाप धोतरालाच पुसायचा. त्याच अंगठ्यासाठी तुम्ही फडकं ओलं करत बसलात. पैसे विचारले तर म्हणालात मेणाचे तेवढे दे. असली माणसं घाटाखाली बसलीत आणि आम्ही कॉलेज रोडवर शोधत फिरतोय!

मला वाजवता येत नाही अजून. बाप गालात हवा धरून, नाकानं श्वास घेत, न थांबता रात्र रात्र वाजवायचा, मला अर्ध्या मिनिटात खोकला. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारत होत्या, कुकरची शिट्टी अडकली का. पण सूर आहे, तुम्ही लावलेला आहे तसाच आहे.

आणि हो, पुडीत दिलेल्या कडू भोपळ्याच्या बिया गच्चीत रंगाच्या डब्यात लावल्या. पाचातल्या दोन आल्या, वेल टाकीच्या पाइपावर चढलाय आणि परवा पहिलं फळ धरलंय, बोटभर. बायको म्हणते भाजी करू, म्हटलं बाई, कडू आहे तो. मामा, तो लोंबताच ठेवू का खाली विटेवर टेकवू? मान वाकडी व्हायला नको. नातवाला तेवढा एक फोन करायला सांगा.