नक्षी शाबूत, टायर मेलेला

दि. १२ जानेवारी २०२६
मुलुंड पूर्व, मुंबई

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुंबई

विषय : भाड्याने घेतलेल्या कॅरॅव्हॅन ट्रेलरचा टायर फुटणे आणि त्याबद्दल माझ्याच अनामत रकमेतून केलेली कपात (बुकिंग २५ ते २८ डिसेंबर २०२५)

महोदय,

तुमचा ६ जानेवारीचा ईमेल मिळाला. त्यात लिहिलंय की टायर 'ग्राहकाच्या अतिवेगामुळे व निष्काळजीपणामुळे' फुटला, टायरची नक्षी ऐंशी टक्के शिल्लक होती, सबब माझ्या ३०,००० रुपये अनामतीतून १९,४०० कापले आहेत. टायरचे ४,२००, मडगार्ड आणि तळाच्या प्लायवूडचे ९,७००, पाण्याच्या पाइपचे ३,०००, आणि वर २,५०० 'सर्व्हिस चार्ज'. ही शेवटची रक्कम कोणत्या सर्व्हिसची, ते समजलं नाही.

मी बेस्टच्या वडाळा डेपोतून निवृत्त झालो. नोकरीतली बरीचशी वर्षं टायर सेक्शनमध्ये गेली. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. समोरच्याला टायरमधलं काही कळत नाही असं धरून तुमचा ईमेल लिहिलेला दिसतो, म्हणून सांगतो.

२५ तारखेला सकाळी सात वाजता तुमच्या मानखुर्दच्या यार्डात ट्रेलर ताब्यात घेतला. जुन्या सवयीने मी टायरवर बोटांनी ठोकून पाहिलं. तुमच्या यार्डातला पोरगा हसला, म्हणाला, "काका, एअर चेक केलीय, पेपरवर लिहिलंय." पेपरवर खरंच लिहिलं होतं : 'हवा २८ पाउंड'. त्याखाली मी सही केली. माझी चूक तेवढीच, आणि ती मी मान्य करतो. बाहेरच्या बाजूने टायर काळेभोर, पॉलिश मारून चकचकीत केलेले होते. टायर कधी बनला त्या तारखेचे आकडे दिसले नाहीत, कारण ते टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेली होती. सणाच्या दिवशी पहाटे, नात गाडीत बसून घाई करत असताना, मी ट्रेलरखाली शिरलो नाही.

दिवेआगरला जायचं होतं. माझा मुलगा बोलेरो चालवत होता, मी शेजारी. पनवेल, पेण, वडखळपर्यंत नाताळची गर्दी इतकी की वेग करू म्हटलं तरी करता आला नसता. नागोठणं सोडल्यावर रस्ता मोकळा झाला, मुलगा साठ-पासष्टवर होता. कोलाडच्या अलीकडे साडेअकराच्या सुमाराला मागे 'धाड' झालं. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. पाठोपाठ ट्रेलरने बोलेरोला मागून धरून हलवायला सुरुवात केली, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मुलाचा पाय ब्रेककडे गेलेला मी पाहिला आणि ओरडलो, "ब्रेक नको! स्टिअरिंग सरळ धर, अ‍ॅक्सिलेटर हळू सोड." अशा वेळी जोरात ब्रेक मारला की गाडी थांबते, मागचा ट्रेलर थांबत नाही. तो आडवा येतो. दीडदोनशे मीटर गाडी आपोआप मंद होऊ दिली आणि कडेला घेतली. नशीब, डावं चाक होतं, मागे ट्रक नव्हता. सूनबाई बराच वेळ काही बोलली नाही.

खाली उतरून पाहिलं. टायरचा वरचा पट्टा संपूर्ण सुटला होता, तारांचे टोकदार केस बाहेर आलेले. त्या पट्ट्याने फिरता फिरता मडगार्ड फाडलं, तळाचा प्लाय फोडला आणि पाण्याचा पाइप तोडला. यार्डात भरलेलं साठ लिटर पाणी रस्त्यावर वाहत होतं. म्हणजे ज्या प्लायचे आणि पाइपचे पैसे तुम्ही माझ्याकडून घेतलेत, ते तुमच्याच टायरने तोडलेत.

चाक बदलायला लागले अडीच तास. जॅक दिला होता लहान कारचा. तो ट्रेलरच्या चासीखाली बसेना, दोनदा घसरला. पाना एकोणीसचा, नट सतराचे. शेवटी रत्नागिरीकडे निघालेल्या एका टेम्पोवाल्याने स्वतःचा जॅक, लाकडी ठोकळा आणि बरोबर मापाचा पाना दिला. चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. तुमच्या 'चोवीस तास रस्त्यावरील मदत' या नंबरवर चार फोन केले. एकदा उचलला गेला, तेव्हा लोकेशन व्हॉट्सअ‍ॅप करा म्हणाले. केलं. निळ्या खुणा अजून आलेल्या नाहीत.

आता मुख्य मुद्दा. फुटलेल्या टायरची आतली बाजू थुंकी लावून अंगठ्याने पुसली, मोबाइलचा टॉर्च मारला. शेवटचे चार आकडे : २२१६. म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा, मेअखेरचा माल. साडेनऊ वर्षांचा टायर. मग उजव्या चाकाखाली आडवा झालो, तिथेही २२१६. स्टेपनी मात्र कधी रस्त्यावर लागलीच नव्हती, रबराचे बारीक केस तसेच होते. तिचे आकडे ०९१५!

तुम्ही म्हणता नक्षी ऐंशी टक्के होती. असणारच. ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, वय होऊन मरतो. टायर फिरत राहिला की रबरात मिसळलेलं संरक्षक द्रव्य पृष्ठभागावर येत राहतं. महिनोन्‌महिने उन्हात एकाच जागी उभा राहिला की रबर आतून कोरडं पडतं, बारीक तडे जातात. टायर कंपन्या स्वतः सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, काढून टाका. साडेनऊ म्हणजे दहाच्या आत, असं उत्तर कृपया देऊ नका. तपासणी कधी केली, त्याचा कागद दाखवा.

वजनाचं तर याहून वाईट. टायरचं माप १४५/८० आर १२, भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ७४. म्हणजे ऑल्टोसारख्या लहान गाडीचा टायर, एकाची क्षमता ३७५ किलो, दोन मिळून ७५०. तुमच्या ट्रेलरच्या पाटीवर एकूण वजन ९०० किलो. त्यातले ऐंशी-नव्वद किलो गाडीच्या हुकवर गेले तरी चाकांवर आठशेच्या वर उरतात. तेही टायरमध्ये ३५-३६ पाउंड हवा असेल तरच ३७५ पेलतो. तुमच्या माणसाने स्वतःच्या अक्षरात २८ लिहिली आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, तापतो, आणि जुन्या रबराला ती उष्णता सोसत नाही. यात मुलाच्या वेगाचा संबंध कुठे येतो? तरीही शंका असेल तर ट्रेलरमध्ये तुम्हीच जीपीएस बसवलंय. २५ तारखेची नोंद काढा आणि मलाही पाठवा.

०९१५च्या स्टेपनीवर आम्ही ताशी तीसने माणगाव गाठलं. तिथे स्वतःच्या खर्चाने दोन नवे टायर घातले, १४५ आर १२ एलटी, आठ थरांचे, छोटा हत्ती टेम्पोला लागतात ते. ७,८०० रुपये, बिल सोबत जोडलं आहे. तोवर अंधार पडला. ट्रेलर घेऊन म्हसळ्याच्या वळणांवर रात्री जायची हिंमत झाली नाही, पहिली रात्र माणगावच्या लॉजवर काढली. २८ला ट्रेलर परत केला तेव्हा ते दोन्ही टायर त्यावरच होते, आजही असतील. टायर माझे, ट्रेलर तुमचा, आणि टायरचे ४,२०० रुपये परत माझ्याकडूनच!

माझं मागणं असं : कापलेले १९,४००, टायरचे ७,८०० आणि वाया गेलेल्या दिवसाचं भाडं ६,५००, एकूण ३३,७०० रुपये हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. ते टायर परत नकोत, ट्रेलरवरच राहू द्या. पण ती स्टेपनी काढा. यार्डात त्याच बनावटीचे आणखी पाच ट्रेलर मी मोजले होते. त्यांच्या टायरच्या आतल्या बाजूचे आकडे आणि हवेची नोंद मला लेखी कळवा. पुढच्या शनिवारी त्यातला एखादा कुणीतरी मुलाबाळांसह घेऊन जाणार आहे.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. एवढ्या रकमेच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

सोबत : ताबा-पावती, माणगावचं बिल, टायरवरच्या आकड्यांचे तीन फोटो, तुमच्या हेल्पलाइनला केलेल्या फोनची नोंद.

फुटलेला टायर माझ्या गॅलरीत ठेवला आहे. पाहायला माणूस पाठवायचा असेल तर आधी फोन करावा, दुपारी चारनंतर मी घरी असतो. टायर मात्र नेऊ देणार नाही.

आपला,
(सही)