रैन बसेऱ्यांसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात कायम तरतूद हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूर महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर दरवर्षी जी चर्चा होते ती रस्ते, पूल, चौकांचे सुशोभीकरण आणि करवाढ यांच्याभोवतीच फिरते. रात्री पदपथावर झोपणाऱ्यांचा विषय थंडीत ब्लँकेटवाटपाच्या छायाचित्रांपुरता वर येतो आणि संक्रांत उलटली की मागे पडतो. रैन बसेरा म्हणजे बेघरांचा निवारा ही हंगामी मदत न राहता पाणीपुरवठा आणि सफाई यांच्याप्रमाणे महापालिकेचे बारमाही काम व्हावे आणि त्यासाठी अंदाजपत्रकात खर्चाचे स्वतंत्र शीर्ष असावे, एवढेच मला या पत्राद्वारे मांडायचे आहे.

पैसा नाही, हे उत्तर इंदुरात तरी पटण्यासारखे नाही. जलूद येथील सौर प्रकल्पासाठी महापालिकेने 2023 मध्ये 244 कोटी रुपयांचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) बाजारात आणले, तेव्हा मागितल्यापेक्षा कितीतरी अधिक रक्कम गुंतवणूकदारांनी देऊ केली. 2013 मध्ये सुरू झालेला साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बसगाड्यांसाठी राखीव मार्ग, हटवण्याचे काम 2025 मध्ये सुरू झाले. म्हणजे आधी बांधायला खर्च आणि मग काढायलाही खर्च. त्याच वर्षी 31 मे रोजी मेट्रोचा सुमारे सहा किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. या कामांना माझा सरसकट विरोध नाही, मात्र ज्या शहराला एवढे साधते त्याला काही इमारती वर्षभर नीट चालवणे न साधावे, हे कोणाला खरे वाटेल?

निकषही नवे शोधायचे नाहीत. लाखभर लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय होईल असा कायमचा निवारा, माणशी पन्नास चौरस फूट जागा आणि चोवीस तास उघडे दार, हे केंद्राच्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे, आणि त्याआधी 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मोठ्या शहरांना याच दिशेने आदेश दिले होते. 2011 च्या जनगणनेत इंदूरची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास होती. त्या जुन्या आकड्यावरही वीस निवारे आणि दोन हजार माणसांची सोय एवढा हिशोब निघतो. शहर तर त्यानंतर पिपल्याहाना, बिचोलीपर्यंत पसरले आहे. शिवाय त्या अभियानाची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली असल्याने दिल्लीच्या अनुदानाकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सोयही आता फारशी उरलेली नाही.

‘आहेत तेच रैन बसेरे रिकामे असतात, नवे कशाला?’ असे पुष्कळदा ऐकू येते. या आक्षेपाचे उत्तर शोधायला रात्री अकरानंतर सियागंजात एक फेरी मारावी. दुकाने बंद झाल्यावर हम्माल आपल्या हातगाडीवरच अंग टाकतात, कारण गाडी भाड्याची असते, ती चोरीला गेली तर भरपाई त्यांनाच करावी लागते, आणि निवाऱ्यात गाडी लावायला जागा नसते. एम. वाय. रुग्णालयाबाहेर पुठ्ठ्यावर झोपणारे खरगोन-झाबुआकडचे नातेवाईक एक्स-रेचे पाकीट उशाशी घेऊन पडतात. आतून केव्हा हाक येईल याचा नेम नसल्याने दोन किलोमीटरवरची खाट त्यांच्या काय कामाची? नवराबायकोला एकत्र राहता येत नसेल, आधारकार्डावाचून नोंद होत नसेल, पहाटे मजूर चौक गाठायचा असताना दार उघडत नसेल, तर माणूस उघड्यावर राहणेच पत्करतो. म्हणून निवारा कोठे बांधायचा हे मोकळा भूखंड कोठे सापडतो यावरून ठरू नये. रात्री रस्ते झाडणाऱ्या आपल्या सफाई कर्मचाऱ्यांना कोण कोठे झोपतो हे कोणत्याही सर्वेक्षकापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्यांना विचारून 85 प्रभागांची यादी महिनाभरात तयार होऊ शकेल.

तशी यादी नसली की काय होते, ते 29 जानेवारी 2021 रोजी साऱ्या देशाने पाहिले. महापालिकेच्या गाडीतून वृद्ध निराश्रितांना क्षिप्रा गावाजवळ उतरवले गेले, गावकऱ्यांनी अडवले म्हणून त्यांना परत गाडीत बसवावे लागले, आणि पुढे महापालिकेच्या काही अधिकारी-कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. जानेवारी 2025 पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश शहरात लागू झाला. भीक मागण्याचा धंदा चालवणाऱ्या टोळ्या मोडल्याच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण दंडाची तरतूद जेवढ्या तत्परतेने झाली तेवढ्या तत्परतेने खाटांची झाली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा प्रश्न बांधकामाचा कमी आणि चालवण्याचा जास्त आहे. इमारतीचे उद्घाटन होते, फलक लागतो, पण रखवालदाराचा पगार, चादरींची धुलाई, शौचालयाची सफाई आणि आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर यांची तरतूद कागदावर राहते. ज्यांची जन्मत्रिशताब्दी 2025 मध्ये शहराने थाटाने साजरी केली त्या अहिल्याबाईंनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली, तेव्हा त्यांच्या पुढील खर्चासाठी आपल्या खासगी उत्पन्नातून दरसालची रक्कमही बांधून दिली होती. दरसालच्या खर्चाची ही सोय आपल्या अंदाजपत्रकातून मात्र गळते.

येत्या अंदाजपत्रकापूर्वी महापालिकेने प्रत्येक रैन बसेऱ्याची क्षमता, तेथे रोज राहणाऱ्यांची संख्या आणि वर्षभरात झालेला खर्च प्रसिद्ध करावा, आणि एम. वाय., सरवटे बसस्थानक व सियागंज या तीन ठिकाणांपासून नव्या निवाऱ्यांची सुरुवात करावी. रोषणाई आणि रंगरंगोटीच्या शीर्षातील काही भाग त्यासाठी वळवावा लागला तरी कोणी इंदूरकर तक्रार करील असे वाटत नाही. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाने या विषयावर सभागृहात काय भूमिका घेतली, हेही आपल्या दैनिकाने छापल्यास वाचकांना उपयोगी पडेल.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर